नवशिक्यांची कराटे बॅच: बारा आठवड्यांच्या प्रकल्प नोंदी

शैली शोतोकान. जागा डोंबिवलीतल्या एका सोसायटीचा हॉल. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी ६.३० ते ७.३०. वय ८ पासून पुढे. मोठी माणसंही याच बॅचमध्ये.

काम असं: नवीन येणाऱ्याला देण्याचं जुनं पत्रक बाद करायचं. त्यात ‘शिस्त, आत्मविश्वास, स्वसंरक्षण, एकाग्रता’ एवढंच छापलेलं होतं. असलं पत्रक योगवर्गालाही चालेल आणि बुद्धिबळालाही. पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय होतं, काय दुखतं, काय चुकतं आणि का, हे बॅच चालू असतानाच टिपायचं आणि त्यातून नवं पत्रक काढायचं.

१२ जून २०२५, गुरुवार

हॉल मोजला. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. खाली गुळगुळीत टाइल. एकमेकांत अडकणाऱ्या ईव्हीए फोमच्या मॅट, प्रत्येकी १ मीटर बाय १ मीटर, जाडी २५ मिमी. १० बाय ७ असे ७० नग टाकले. ज्युदोसाठी ४० मिमी घेतात, कारण तिथे माणूस आपटला जातो. कराटेला तेवढी मऊ मॅट घातक: पाय रुततो, वळताना तळवा अडकतो आणि पीळ गुडघ्यात जातो.

टाइलवर मॅट सरकतात. एक-दोन दिवसांत सांध्यात बोटभर फट पडते आणि पायाचं बोट नेमकं तिथेच अडकतं. म्हणून दोन बाजू भिंतीला टेकवल्या. रोज वर्गाआधी एकदा चालून सांधे पायाने दाबायचे.

१८ जण धरले आहेत. रांगा लांबीच्या दिशेने तोंड करून: ५, ५, ४, ४. रुंदीत माणशी १.४ मीटर मिळतं. दोन रांगांत १.५ मीटर ठेवलं की पुढे साडेपाच मीटर मोकळे राहतात. मोठ्या माणसाचं एक पाऊल साधारण ८० ते ९० सेंटिमीटर, म्हणजे पाच पावलं जेमतेम बसतात. रांगा आडव्या लावल्या असत्या तर तिसऱ्या-चौथ्या पावलालाच पुढची रांग भिंतीवर. जागा किती आहे यावर काय शिकवता येईल हे ठरतं. वर्ग बघायला येणाऱ्याने आधी फरशी बघावी, भिंतीवरच्या ट्रॉफ्या नंतर.

१४ जून, शनिवार

पालक आणि मोठे विद्यार्थी यांची बैठक. फॉर्मवर पाच गोष्टी विचारल्या: दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, जुनं फ्रॅक्चर, चष्मा. दमा असला तरी येता येतं. डॉक्टरांना विचारून घ्यावं, पंप पिशवीत हवा आणि पिशवी हॉलमध्येच हवी. चष्म्याला मागे पट्टा लावायचा.

खरेदीचा प्रश्न सगळ्यात आधी आला. उत्तर: पहिला महिना काहीच घेऊ नका. टी-शर्ट आणि चेन, धातूची बटणं नसलेली ट्रॅक पँट पुरे. अनवाणीच करायचं असतं, त्यामुळे बुटांचा खर्च नाही. ग्लोव्ह्ज, शिन गार्ड, माउथ गार्ड यांचं पहिल्या तीन महिन्यांत काम नाही.

महिन्याने ड्रेस घेताना उंचीवरून नंबर: १३० सेंटिमीटरला ०, १४० ला १, १५० ला २, असा दर १० सेंटिमीटरला एक नंबर वाढतो. पातळ कॉटन-पॉलिस्टर, ७-८ औंसाचं कापड नवशिक्याला चांगलं. १२ औंसाचं जाड कापड खाडकन वाजतं खरं, पण जुलैत ते दोन दिवस वाळत नाही. निव्वळ सुती असेल तर धुण्यात आटतं, एक नंबर मोठा घ्यावा. मुलाला ‘दोन वर्षं पुरेल’ असा तीन नंबर मोठा ड्रेस घेतला की पायजमा टाचेखाली येतो आणि पोर त्यावरच घसरतं.

नखं कापलेली. अंगठी, कडं, बांगड्या, पैंजण, कानातलं लोंबतं काही नाही. मनगटातला काळा दोरा काढायचा नसेल तर वरून चिकटपट्टी. मोठे केस घट्ट बांधायचे, पण टोकदार क्लिप नको. जेवण दीड-दोन तास आधी. शाळेतून थेट येणाऱ्याने केळं खाऊन यावं.

‘ब्लॅक बेल्ट किती दिवसांत?’ हा प्रश्न तिघांनी विचारला. आठवड्यातून तीन दिवस, खंड न पडता, साधारण चार-पाच वर्षं. पहिल्या ब्लॅक बेल्टला ‘शोदान’ म्हणतात आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थ सुरुवात. दीड वर्षात देतो म्हणणारे आहेत. त्यांच्याकडे नेमकं काय देतात ते विचारावं.

१६ जून, सोमवार

पहिला तास. शाळाही आजच उघडल्या, त्यामुळे पोरं दमलेली.

वेळ अशी गेली: रांग आणि नमस्कार ८ मिनिटं (पुढे ही ३ वर येते), अंग मोकळं करणं १२, उभं राहणं आणि मूठ १५, जागेवर पंच १०, मागे-पुढे चालणं ८, सावकाश ताण ५, शेवटचा नमस्कार २. किक शून्य. घरी गेल्यावर ‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला मुलं ‘काही नाही’ म्हणणार, हे पालकांना आधीच सांगून ठेवलं.

सेइझा म्हणजे आपलं वज्रासन. इथल्या मुलांना ते सहज जमतं. शिकवायचा असतो तो क्रम: बसताना आधी डावा गुडघा, उठताना आधी उजवा पाय. मोठ्यांपैकी ज्यांचे घोटे आखडले आहेत त्यांच्या टाचांखाली घडी केलेला टॉवेल. ‘मोकुसो’ म्हणजे डोळे मिटून शांत बसणं. लहानांना अर्धं मिनिट पुरे, त्यापुढे खुसखुस सुरू होते.

आज्ञा जपानीत: योई (तयार), हाजिमे (सुरू), यामे (थांब), मावात्ते (वळा), रेइ (नमस्कार). आकडे इची, नी, सान, शी, गो, रोकू, शिची, हाची, कू, जू. पाठ करून यायची गरज नाही. तीन तासांत कानाला सवय होते. ‘यामे’ मात्र पहिल्याच दिवशी पक्कं. ऐकलं की असेल तिथे, असेल तसं थांबायचं. जोड्या लावल्यावर सगळी सुरक्षितता या एका शब्दावर असते, म्हणून आज खेळ म्हणून ते वीस वेळा केलं.

१८ जून, बुधवार

दोघं गैरहजर, कारण ‘पाय दुखतात’. मांडीचा पुढचा भाग आणि पोटऱ्या दुखणं अपेक्षितच आहे. व्यायामानंतर २४ ते ७२ तासांत ते सगळ्यात जास्त असतं, मग ओसरतं. दोन्ही मांड्या सारख्या दुखत असतील तर यावं, हलकं करावं. एकाच सांध्यात, एकाच बाजूला, टोचल्यासारखं दुखत असेल किंवा सूज असेल तर येऊ नये आणि दाखवून घ्यावं. पत्रकात हे दोन वाक्यांत, ठळक अक्षरात.

२३ जून, सोमवार

मूठ. चार बोटं आधी मधल्या पेरांत, मग तळव्यात घट्ट. अंगठा बाहेरून तर्जनी आणि मधल्या बोटावर. लागायची ती पहिल्या दोन बोटांची हाडं. मनगट वर-खाली वाकलेलं नको. लहान मुलं अंगठा मुठीच्या आत दडवतात, तसा पंच कशावर लागला तर अंगठाच मोडतो. मोठी माणसं अंगठा तर्जनीच्या कडेला उभा ठेवतात, तो कपड्यात अडकतो.

पंचात तीन चुका सगळ्यांच्या:

कोपर बाहेर जातं. कोपर फासळ्यांना घासत गेलं पाहिजे. भिंतीला कडेने, हातभराहूनही जवळ उभं करून पंच मारायला लावला की कोपर भिंतीवर आपटतं आणि माणूस स्वतःच सुधारतो.

खांदा वर चढतो. कारण जोर लावायची घाई. मूठ शेवटच्या क्षणापर्यंत सैल ठेवायची, घट्ट फक्त टोकाला.

कमरेशी परत येणारा हात, म्हणजे ‘हिकिते’, विसरला जातो. पुढचा हात जेवढ्या वेगाने जातो तेवढ्याच वेगाने मागचा आला पाहिजे. लक्ष मागच्या हातावर ठेवायला सांगितलं की पुढचा आपोआप सुधारतो.

हवेत पंच मारताना कोपर पूर्ण ताठ करून झटका देऊ नये. समोर अडवायला काही नसल्यामुळे तो झटका कोपराचा सांधा खातो. पन्नास पंचांनंतर कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर कारण हेच.

चांगला सराव: वर्तमानपत्राचं एक पान वरून दोन हातांनी धरायचं आणि दुसऱ्याने पंच मारायचा. ढकलणाऱ्याचं पान नुसतं मागे जातं, झटका बरोबर असेल तर फट्ट वाजतं. दहा मिनिटांत हॉलभर कागद. झाडू कोण मारणार हे आधी ठरवावं.

२ जुलै, बुधवार

आठवडाभर एकच गोष्ट: झेनकुत्सु-दाची, पुढे झुकलेला लांब पवित्रा. सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच आणि बाकी सगळं उभं आहे तेही यावरच, म्हणून लांबलचक नोंद.

माप: लांबी साधारण दोन खांद्यांएवढी, रुंदी एका खांद्याएवढी. पुढचा गुडघा वाकून पायाच्या बोटांच्या वर. मागचा पाय ताठ, टाच जमिनीला टेकलेली. वजन पुढे ६०, मागे ४०. प्रत्येकाच्या अंगाचं माप वेगळं, म्हणून फूटपट्टी न घेता: पवित्र्यात उभं राहून मागचा गुडघा खाली टेकवायचा. तो पुढच्या टाचेपासून साधारण एका मुठीवर टेकला तर लांबी ठीक. फार मागे टेकला तर पवित्रा ताणलेला, पुढच्या टाचेच्याही पुढे आला तर आखूड.

काय चुकतं ते चुकण्याच्या क्रमाने. एक, रुंदी जाते. दोन-तीन पावलं चाललं की दोन्ही पाय एका रेषेवर येतात, दोरीवर चालल्यासारखे. कारण पाऊल सरळ पुढे टाकलं जातं. पाय आधी आत, दुसऱ्या पायाजवळ आणि मग बाहेर, असा अर्धचंद्र काढत गेला पाहिजे. तपासायला कडेने खांद्यावर हलकं ढकलायचं. रुंदी असेल तर माणूस हलत नाही. मॅटवर खडूने दोन समांतर रेघा मारल्या, डावा पाय डाव्या रेघेवर, उजवा उजव्या. तीन दिवसांत फरक.

दोन, मागची टाच उचलते किंवा पाऊल आडवं बाहेर वळतं. पोटरी आणि घोटा आखडलेला. खुर्चीत बसून काम करणाऱ्या मोठ्यांना हा त्रास जास्त. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या पोरांना कमी. उपाय ओरडण्यात नाही, लांबी थोडी कमी करण्यात आहे. रोज घरी भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, प्रत्येक पाय ३० सेकंद, तीनदा.

तीन, पुढचा गुडघा आत पडतो. हे लगेच थांबवायचं, कारण पुढे गुडघेदुखी इथूनच येते. गुडघ्याचं टोक पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने.

चार, चालताना डोकं वर-खाली होतं. पाऊल टाकताना मधेच उभं राहिल्यामुळे. डोक्याच्या उंचीवर दोघांनी दोरी धरली आणि तिच्याखालून रांग नेली. मांड्या पेटल्या, पण कळलं सगळ्यांना.

७ जुलै, सोमवार

पाऊस. ओले पाय मॅटवर आले की मॅट बर्फ होते. दाराशी पाण्याची बादली, जाड पायपुसणं, आत कोरडा नॅपकिन. पाय धुवून, बोटांच्या बेचक्यांतही पुसून आत. नाहीतर महिन्याभरात अर्ध्या बॅचला चिखल्या. मॅट साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या करायच्या. शनिवारी सगळ्या उचलून भिंतीला उभ्या आणि पंखा चालू, कारण ओल खालच्या बाजूला साचते आणि वास तिथून येतो.

ड्रेस घेतलेल्यांना: घरी गेल्या गेल्या पिशवीतून बाहेर काढा. ब्लीच नको. वाळला नाही तर टी-शर्टवर या, कुणी काही म्हणणार नाही. आंबूस वासाचा ड्रेस घालून जोडीदारासमोर उभं राहणं हा जास्त मोठा अपराध.

बेल्ट बांधणं शिकवलं. मधोमध घडी, मध्य बेंबीवर, दोन्ही टोकं मागून फिरवून पुढे. वरचं टोक दोन्ही थरांखालून घालून ओढायचं, मग गाठ. गाठ आडवी बसली आणि टोकं दोन बाजूंना सारखी लोंबली तर बरोबर. टोकं एक वर, एक खाली गेली तर दुसरा वेढा उलटा पडला आहे. ड्रेसची डावी बाजू उजवीच्या वर. उलटं नको, जपानमध्ये तसं मृताला नेसवतात.

१४ जुलै, सोमवार

पाचवा आठवडा आणि गळती. १८ पैकी ५ जण सलग दोन तास आले नाहीत. हे याच सुमाराला होतं: नवलाई संपलेली, अंगदुखी संपलेली, आणि किक अजून आलेली नाही. पालकांचा फोन: ‘अजून पंचच चाललंय का?’

हो, अजून तेच. रांगेत उभं राहून आकड्यावर एकच हालचाल शंभरदा, शाळेच्या पीटीसारखी, हे दिसतंच तसं. कारणही तेच आहे. ओकिनावात, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांवर, कराटे आधी गुरू आणि मोजके शिष्य यांच्यात चालायचं. १९०१ पासून तिथले गुरू इतोसू आंको यांनी ते तिथल्या शाळेत आणलं, मुलांच्या मोठ्या गटाला झेपेल असं केलं आणि लहानांसाठी पिनान हे पाच सोपे काता (ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायच्या हालचाली) बसवले. शोतोकानचे जनक फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ मध्ये तोक्योत प्रात्यक्षिक दाखवल्यावर ते जपानभर, विद्यापीठांतून पसरलं. रांग, आकडा, एकदम वळणं या गोष्टी शाळेतूनच आल्या आहेत.

ही पद्धत निर्दोष आहे असं नाही. मागच्या रांगेतला चुकत राहतो आणि संख्येत लपतो. म्हणून दर तासाला रांगा उलट्या करायच्या, मागचे पुढे. आणि एका हालचालीचे सलग वीसच. त्यापुढे थकलेलं अंग चूकच पाठ करतं.

पत्रकात लिहायचं: ‘चौथ्या ते सहाव्या आठवड्यात कंटाळा येईल. सोडायचं की नाही हे आठव्या आठवड्यानंतर ठरवा.’

२३ जुलै, बुधवार

माए-गेरी, समोरची किक. हॉलमध्ये एकदम जान आली.

चार भाग: गुडघा छातीकडे वर, पाय झटक्याने पुढे, तेवढ्याच वेगाने परत, मग खाली. लागायचा तो तळव्याचा पुढचा उंचवटा, बोटं मागे वळवून. कुठला भाग, हे कळत नसेल तर चवड्यांवर उभं राहायचं. जमिनीला टेकतो तो. बोटं सरळ ठेवून पॅडवर मारलं तर पहिला बळी अंगठ्याचा, म्हणून पॅड अजून बाहेर काढलेलं नाही.

फुटबॉल खेळणारी मुलं सरळ पाय झुलवतात. त्यांना दिसायला उंच जातं, पण गुडघा आधी वर नसल्यामुळे पाय खालून येतो, समोरच्याच्या गुडघ्यावर किंवा कोपरावर आपटतो. दुसरी चूक, पाय परत न ओढता तिथूनच खाली टाकणं. वजन पुढे कोसळतं. तिसरी, टेकलेल्या पायाची टाच उचलणं.

उंच किक न जाण्याचं कारण ‘अंग लवचिक नाही’ असं सगळे सांगतात. नवशिक्यात बहुतेकदा गुडघा वर धरून ठेवायची ताकदच नसते. भिंतीला हात टेकून चार आकड्यांत सावकाश दहा किक एका पायाने, दहा दुसऱ्याने, गुडघा वर असताना दोन सेकंद थांबून. उंची पोटापर्यंत. डोक्यापर्यंतची किक पहिल्या वर्षाचा विषय नाही.

सुरुवातीला झटके देत ताणणं आणि बेडूकउड्या दोन्ही बंद केल्या आहेत. आधी पाय झुलवणं, कंबर फिरवणं, जागेवर धावणं. धरून ठेवायचे ताण शेवटी, अंग गरम असताना. मुठींवर जोर मारणं मुलांना नाहीच. वाढत्या हाडांवर ते लादण्याचं काही कारण नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला काता, ताइक्योकू शोदान (इथे ‘शोदान’ म्हणजे मालिकेतला पहिला). वीस हालचाली, पण तंत्रं दोनच: गेदान-बाराई (खालचा ब्लॉक) आणि ओई-झुकी (पाऊल टाकून पंच). पवित्रा एकच. नकाशा इंग्रजी आय अक्षरासारखा. किआई, म्हणजे आरोळी, आठव्या आणि सोळाव्या हालचालीवर.

तंत्रं येतात, अडतं ते वळण्यावर. आठव्या पंचानंतर डावा पाय मागून फिरवून डावीकडून पाऊण वर्तुळ वळायचं असतं. निम्मी बॅच जवळचा रस्ता धरून उजवीकडे पाव वर्तुळ वळते. तोंड बरोबर भिंतीकडेच होतं, म्हणून चूक कळत नाही. पण पुढे उजवा पाय आलेला असतो आणि तिथून सगळं उलटं. उपाय म्हणून भिंतींना नावं दिली: दाराची, खिडकीची, फळ्याची, पाणी-बाटल्यांची. वळण्याआधी ज्या पायाने वळायचं त्याच्या मांडीवर हात मारायचा. आणि वळताना मागचा पाय पुरेसा पलीकडे न्यायचा, नाहीतर २ जुलैसारखे दोन्ही पाय परत एका रेषेवर.

काता जिथे सुरू तिथेच संपतो. जागा चुकली तर तेच निदान: पुढे संपला तर परतीची पावलं आखूड, मागे संपला तर जाताना आखूड. मॅटवर खडूची फुली मारून ठेवली. सर सांगायच्या आधीच मुलं खाली बघतात.

आरोळी घशातून काढली की खोकला येतो. पोट आत घेत श्वास बाहेर फेकायचा, आवाज त्याच्याबरोबर येतो. मोठ्यांना लाज वाटते, लहानांना थांबवावं लागतं.

दुसऱ्या क्लासमधून आलेल्या एकाचा गोंधळ: तिथला ‘पिनान निदान’ म्हणजे इथला ‘हेइआन शोदान’. फुनाकोशींनी नावं बदलली तेव्हा पहिल्या दोघांचा क्रमही उलटवला. शितो-र्‍यू, वादो-र्‍यूमध्ये जुनी नावं आहेत. क्लास बदलणाऱ्याने शैली आधी विचारावी. बेल्टचा रंग तोच असला तरी काता तोच असेल असं नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

जोड्या. गोहोन कुमिते: एकजण पाच पावलं पुढे येत चेहऱ्याच्या रेषेत पाच पंच मारतो, दुसरा पाच पावलं मागे जात आगे-उके, म्हणजे वरचा ब्लॉक घेतो, पाचव्यानंतर उलटा पंच (पुढच्या पायाच्या विरुद्ध हाताचा) आणि किआई. सगळं आधी ठरलेलं. मोकळी लढत या तीन महिन्यांत नाही, हे पत्रकात सगळ्यात वर हवं. अर्धे लोक त्या भीतीने येत नाहीत आणि उरलेले त्याच आशेने येतात.

इथे अडचण मारामारीची नाही, सौजन्याची. मारणारा जोडीदाराला लागू नये म्हणून मुद्दाम कानाच्या बाजूने पंच नेतो. मग ब्लॉक करणारा न येणाऱ्या पंचाला ब्लॉक करायला शिकतो. पंच मध्यरेषेवरच हवा, आणि अडवला नाही तर चेहऱ्यापासून एक मूठ आधी थांबायला हवा. हे थांबवणं जमेपर्यंत अर्ध्या वेगाने.

बचाव करणारा पंच निघायच्या आधीच मागे पळतो. त्याला ‘त्याचा खांदा हलेपर्यंत थांब’ एवढंच सांगायचं. ब्लॉक नाकासमोर अडकतो. तो कपाळाच्या वर मूठभर अंतरावर, तिरका हवा.

जोड्या उंचीने लावल्या, फरक १५ सेंटिमीटरच्या आत. मोठा आणि लहान एकत्र आलेच तर पंच पोटाच्या रेषेत. हातांवर निळे डाग पडतील. थंड पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून १५ मिनिटं. ब्लॉकचा हात शेवटी फिरवला तर हाडावर हाड कमी आपटतं.

१८ ऑगस्ट, सोमवार

शनिवारी दहीहंडी झाली. तिघांचे खांदे आखडलेले. फक्त पाय आणि काता घेतला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारपासून हॉल गणपतीच्या सजावटीला. मॅट उचलून गच्चीच्या खोलीत, आडव्या रचून; इतके दिवस उभ्या ठेवल्या की वाकतात. दोन आठवडे वर्ग नाही. घरचा अभ्यास रोज दहा मिनिटं: पोटरीचा ताण, भिंतीला धरून किक दोन्ही पायांनी दहा-दहा, आरशासमोर तीस पंच, काता दोनदा. काता खोलीत बसत नसेल तर पावलं अर्धी, वळणं पूर्ण.

८ सप्टेंबर, सोमवार

१४ जण आले. काता कुणी विसरलं नाही, मांड्या विसरल्या. पवित्रे सगळ्यांचे चार बोटं वर आले आहेत. मोदकांवर खापर फोडण्यात अर्थ नाही, दोन आठवड्यांच्या खंडाने असंच होतं आणि तीन-चार तासांत भरून निघतं. आज वेग नाही, फक्त चालणं.

१५ सप्टेंबर, सोमवार

परीक्षेआधी पालकांशी बोलणं. विचारलं गेलं ते असं.

बेल्ट किती? पांढऱ्यापासून वर दहा क्यू, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्या, आकडा उतरत जातो. मग दान, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, तो आकडा चढत जातो. कोणत्या क्यूला कोणता रंग हे संस्थेनुसार बदलतं. रंग बाहेरच्यांना कळायला असतात, तुलना करायला नव्हे.

परीक्षेची फी वेगळी का? प्रमाणपत्र, बेल्ट, परीक्षक यांचा खर्च असतो. पण वर्गात नाव घालण्याआधीच महिन्याची फी, परीक्षेची फी, वर्षाची नोंदणी आणि ड्रेस हे चारही आकडे लिहून मागावेत. दर दोन महिन्यांनी सगळ्यांची परीक्षा आणि सगळे पास, असं दिसलं तर विचार करावा.

ऑलिम्पिकमध्ये आहे का? तोक्योत, २०२१ मध्ये प्रत्यक्ष झालेल्या खेळांत होतं. २०२४ च्या पॅरिसमध्ये नव्हतं. आशियाई खेळांत १९९४ च्या हिरोशिमापासून आहे.

रस्त्यावर उपयोग होईल का? तीन महिन्यांत नाही. पडणं कमी होईल, अंतर ओळखता येईल, ओरडायची लाज जाईल. त्यापुढचं आश्वासन देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये.

२० सप्टेंबर, शनिवार

परीक्षा. जागेवर पंच, ओई-झुकी, आगे-उके, सोतो-उके (बाहेरून आत येणारा ब्लॉक), माए-गेरी, मग काता एकेकट्याने, शेवटी गोहोन कुमिते. १४ पैकी १३ बसले, ११ पास, दोघांना तीन आठवड्यांनी फक्त काता पुन्हा. दोघंही आठव्या हालचालीनंतर उजवीकडे वळले. एकाने मांडीवर हात बरोबर मारला आणि वळला दुसऱ्याच पायाने.

एकेकट्याने काता करताना नेहमीचा आकडा कानावर नसतो, म्हणून जमलेलंही अडखळतं. पुढच्या बॅचला दहाव्या आठवड्यापासून रोज दोघांना एकेकट्याने उभं करायचं.

२२ सप्टेंबर, सोमवार

पत्रकाचा मजकूर एका पानात बसला. जुने चार शब्द काढले. वरचा अर्धा भाग आठवड्यांचा तक्ता, खालचा अर्धा ‘कधी येऊ नका, कधी नक्की या’. पिवळे बेल्ट ११ मागवायचे, दोन मापांत. पांढरे मुलांना इतके लांब पडले होते की टोकं गुडघ्याखाली लोंबत होती आणि किकच्या वेळी पायात येत होती. खडू संपला आहे.